ग्रोथ हॉर्मोन देऊनही ॲलिझरिनमध्ये (साचलेलं कॅल्शियम लाल दाखवणारा रंग) फरक नाही

प्रश्न (नागपूर): एमसी३टी३-ई१ पेशी (उंदराच्या, हाड बनवणाऱ्या), १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सिरम), मानवी ग्रोथ हॉर्मोन १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, २१ दिवस. कंट्रोलही (हॉर्मोन न दिलेल्या पेशी) तेवढाच लाल! मे महिन्याच्या उन्हात हॉर्मोन गेलं असेल का?

पेशीवाला: ऊन नंतर, आधी सिरम बघा. त्यात आयजीएफ-१ (वाढ घडवणारं प्रथिन) असतंच आणि ग्रोथ हॉर्मोनचं हाडावरचं बरंचसं काम त्याच्यामार्फत होतं. पेशींनी तळ भरला की सिरम १-२ टक्क्यांवर आणा. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (क्षारांसाठी फॉस्फेट पुरवणारं) १० मिलिमोलरच्या वर नको, नाहीतर क्षार आपोआप साचतात.

ब्लॉटकर: हॉर्मोन चालतंय का हे आधी बघा: ते देऊन १५ मिनिटांनी पेशी घ्या आणि फॉस्फो-स्टॅट५ चा (हॉर्मोनने पेशीत जागं होणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे ते प्रथिन पट्टीच्या रूपात दिसतं. पट्टीच नसेल तर पुढचे २१ दिवस कशाला? हॉर्मोनच्या पातळ द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर हॉर्मोन प्लास्टिकलाच चिकटतं. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) बिलकूल नको. शिवाय मानवी हॉर्मोन प्रोलॅक्टिन या दुसऱ्या हॉर्मोनच्या रिसेप्टरवरही बसतं. पेशी उंदराच्या, तर हॉर्मोनही उंदराचंच घ्या.

प्रश्नकर्ता: रंग नजरेनेच ठरवलाय, चालेल?

पेशीवाला: नाही. रंग १० टक्के सेटिलपायरिडिनियम क्लोराइडने सोडवून घ्या आणि त्याचं प्रकाशशोषण ५६२ नॅनोमीटरला वाचा. ॲलिझरिनचा पीएच ४.२ ठेवा.