छोट्या क्रूझिंग बोटीत आतून लाकूड हवं की फायबरचा साचा?

हॅम्बलकर (धागाकर्ता)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे: २९ फुटी जुनी शिडाची बोट घ्यायची, पण कुठली? गाळून गाळून दोन उरल्या, वेस्टर्ली कॉन्सॉर्ट आणि सॅडलर २९. दोन्ही १९८०च्या दशकातल्या, दोन्हींचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, फायबरग्लासचाच. भांडण आहे ते आतलं.

कॉन्सॉर्टमध्ये बर्थ (झोपायच्या जागा), कपाटं, ओटा सगळं प्लायवूडचं, वरून सागाचं व्हीनियर. सुताराने हलला जोडत जोडत उभं केलेलं काम. सॅडलरमध्ये आतून फायबरचाच दुसरा साचा आहे. बाकं, बर्थ, त्यांच्याखालचे कप्पे त्या साच्यातच आले, आणि हल व साचा या दोन सालींच्या मधे फोम भरलेला.

माझं मत आधीच सांगतो. शनिवार-रविवार फिरायची बोट असेल तर आत काहीही चालेल. पण जिच्यावर महिनोन्‌महिने राहायचं आणि जी स्वतः दुरुस्त करायची, ती आतून लाकडाचीच हवी. आतला साचा हा कारखान्याच्या सोयीचा शोध आहे. डेक बसवण्याआधी तयार साचा उचलून हलमध्ये सोडायचा, खाली चिकटवायची पुट्टी, झालं काम. सुतारांचे कितीतरी दिवस वाचले. पण त्यानंतर हलची आतली बाजू कुणाच्या नजरेस पडत नाही.

हे नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. मे २०१४ मध्ये 'चीकी रफीकी' नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, तुटून उलटली, चारही खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने अहवालात लिहिलं की अशा बोटींत हलला आतून चिकटवलेली मजबुतीची जाळी बोट तळाला घासल्यावर सुटू शकते, आणि सुटलेली सहज ओळखता येत नाही. बोट मोठी होती, शर्यतीच्या घडणीची होती, मान्य. पण प्रश्न तोच: जे दिसत नाही त्यावर भरवसा किती ठेवायचा?

विरोधी मतं येऊ द्या.

फायबरवाला

हॅम्बलकर, दुखवट्याचं उदाहरण देऊन वाद जिंकता येतो, पण ते इथे लागू नाही. ती जाळी कीलचा भार पेलायला होती. तुम्ही विचारताय बाक आणि ओट्याबद्दल. दोन गोष्टी एकत्र कालवू नका.

कंपोझिटच्या कामात आयुष्य गेलंय, म्हणून वजनाचा हिशोब मांडतो. १२ मिमी मरीन प्लाय चौरस मीटरला सुमारे ७ किलो. ४ मिमी फायबरचा साचा सुमारे ६ किलो. म्हणजे 'लाकूड हलकं' हेही खोटं आणि 'फायबर हलकं' हेही. पण साच्याला कोपरे नाहीत, सांधे नाहीत, पाणी प्यायला उघडी कड नाही. रॉकेलचा स्टोव्ह सांडला, मुलाने उलटी केली, बादलीभर पाणी मारा आणि पुसून घ्या.

आणि लाकडाची खरी गोष्ट कुणी सांगत नाही. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा ज्या चेनप्लेटला बांधतात, त्या बऱ्याच बोटींत प्लायच्या बल्कहेडला, म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीला, बोल्ट केलेल्या असतात. डेकमधून पावसाचं पाणी तिथेच झिरपतं. समुद्राचं खारं पाणी एक वेळ परवडलं, लाकूड कुजवणारी बुरशी त्यात फारशी जगत नाही. मारतं ते पावसाचं गोडं पाणी. वरून व्हीनियर चकचकीत आणि आत भुसा. 'दिसत नाही' हा आरोप मग कुणावर करायचा?

सुतारपक्षी

भाऊ, हिशोब अर्धाच मांडलात.

सपाट फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १२ मिमी ही ४ मिमीच्या तिप्पट, म्हणजे २७ पट. काचतंतूंच्या चटईने केलेल्या फायबरची आणि प्लायची मूळ लवचीकता फार वेगळी नाही. म्हणून जवळपास त्याच वजनात प्लायची फळी कितीतरी ताठ. तुमच्या साच्यावर पाय दिला की टपकन आवाज येतो तो त्यामुळेच.

शिवाय साचा असला तरी बहुतेक बोटींत बल्कहेड प्लायचीच असतात. फरक एवढाच की साच्याच्या बोटीत अनेकदा ती साच्याच्या खाचेत बसवून सोडून देतात. सुतारकामाच्या बोटीत ती थेट हलला फायबरच्या पट्ट्यांनी चहूकडून बांधतात. खाचेतलं बल्कहेड लाटेत कुरकुरतं. बीटिंग करताना, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर चढताना, रात्रभर ऐका ते संगीत.

फायबरवाला

सपाट फळी कोण लावतो साच्यात? साच्याचा फायदाच हा की वळण देता येतं. गोल कड, खोलगट बाक, उभी घडी, प्रत्येक वळणाने ताठपणा येतो. आणि पट्ट्यांचं म्हणाल तर पॉलिएस्टर रेझिन लाकडाला मनापासून धरत नाही, सागासारख्या तेलकट लाकडाला तर नाहीच. जुन्या बोटींत त्या पट्ट्या बल्कहेडवरून सोलून निघालेल्या किती पाहिल्यात, विचारू नका.

सुतारपक्षी

पाहिल्यात, म्हणजे दिसल्या. कानस मारली, इपॉक्सीने पुन्हा बांधल्या, विषय संपला. तुमच्या साच्याखाली पुट्टी सुटली तर काय करणार, करवत घेणार? मी एवढंच म्हणतोय.

दर्यागंध

मुंबईकर असून कुणी 'सुहेली'चं नाव घेत नाही? ३२ फुटी ती बोट मुंबईतच बांधली, सागवानी, १९६४च्या अखेरीस पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जून १९६८ मध्ये फालमथहून तीच घेऊन निघाले आणि २२ एप्रिल १९६९ला परतले. ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, कुठेही न थांबता, एकट्याने, जगात पहिल्यांदा. त्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण उतरले, पूर्ण करणारे तेच एक. आपल्या मिस्त्र्यांच्या हातचं लाकूड होतं ते. आणखी काय पुरावा हवा?

फायबरवाला

सुहेलीला माझाही नमस्कार. पण गोष्ट पूर्ण सांगा. अटलांटिकमध्येच कीलजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरून, श्वास धरून, सांध्यावर कॅनव्हासची पट्टी आणि वर तांब्याचा पत्रा ठोकत होते. मधे शार्क घुटमळायला लागला, तो त्यांनी बंदुकीने मारला. पुढे दक्षिण महासागरात बोट आडवी झाल्यावर केबिन जागेवरून सरकल्याच्या भेगा दिसल्या. हे शौर्य माणसाचं आहे, सागाचं नाही. शिवाय ती पूर्ण लाकडी बोट. इथे हल फायबरचा आहे.

दर्यागंध

ठोकता आलं म्हणून परतले ना? तोच मुद्दा आहे.

कडू_काढा

तुम्ही दोघे-तिघे सामग्रीवर भांडताय, बोट घेणारा मात्र वॉर्निशच्या प्रेमात पडलाय. त्या कॉन्सॉर्टमध्ये ढगाळ दुपारी शिरून बघा. चहूकडे तपकिरी व्हीनियर, खिडक्या बेताच्या, जुन्या तहसील कचेरीत शिरल्यासारखं वाटतं.

अमेरिकेतल्या हेरेशॉफ घराण्याच्या बोटींमुळे एक रीत पडली. आतले पृष्ठभाग पांढरे रंगवायचे, वॉर्निश फक्त कडांना आणि पट्ट्यांना. उजेड खेळतो, लाकडाचा मानही राहतो, आणि पांढऱ्या रंगावर गळतीचा डाग पहिल्या दिवशी दिसतो. इतकं साधं असून व्हीनियरवाल्या कारखान्यांनी ते केलं नाही, कारण प्रदर्शनात गिऱ्हाईक चकचकीत साग बघून चेक फाडतं.

आणि हॅम्बलकर, त्या काळच्या वेस्टर्लीचं छत विसरू नका. फोमवर चिकटवलेलं व्हिनाइल. फोमचा भुगा होतो आणि छत डोक्यावर लोंबायला लागतं. लाकडी बोट म्हणून घ्याल आणि पहिला उन्हाळा गोंद खरवडण्यात जाईल.

तारकर्लीचा

आमच्याकडे हा वाद निराळ्या वाटेने निकाली निघाला. कोकणातल्या होड्या एके काळी सागाच्या, ऐनाच्या, उंडीच्या असायच्या. आता लहान होड्या बहुतेक फायबरच्या. कारण सरळ: चांगलं लाकूड परवडत नाही, आणि दर वर्षी होडी ओढून डागडुजी करायला माणसं मिळत नाहीत. नॉस्टॅल्जिया शहरातल्या लोकांना असतो, मच्छीमाराला डिझेलचं बिल असतं. तरी आमच्या होडीत आत 'इंटिरियर' नसतंच, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या कामाचं किती, देव जाणे.

एक मात्र सांगतो. लाकूड आणि फायबर यांचं वैर नाही. गोव्यात दिवाडी बेटावर नौदलासाठी 'म्हादेई' बांधली, ५६ फुटी, २००९ला तयार झाली. तिच्या हलच्या गाभ्यात रेड सीडरच्या पट्ट्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास. त्याच बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले.

भारतात कुणी आतलं काम करून घेणार असेल तर प्लायवर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का बघा. दुकानदार 'मरीन'च्या नावाखाली साधं वॉटरप्रूफ गळ्यात मारतो. आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करा, पाणी कडेतून शिरतं, पृष्ठभागातून नाही.

डेकवरची_आत्या

मी आणि हे निवृत्तीनंतर चेसापीक उपसागरात आतून साच्याच्या तीस फुटी बोटीवर राहतो. म्हणून हिशोब नको, राहण्याचं सांगते.

थंडीत एकेरी सालीचा हल आतून घाम गाळतो. रात्री दोघांचा श्वास, सकाळचा चहा, की गादीखाली ओल. लाकडी बोटीत हलच्या आतून पट्ट्या मारतात, मधे फट सोडतात, हवा खेळते आणि पाठीला गार लागत नाही. आमच्या साच्यात बर्थच्या मागे हात जाईना म्हणून बुरशी पुसता येईना. शेवटी गोल झाकणाची भोकं पाडून घेतली तेव्हा जरा सुटका झाली. हे झालं लाकडाच्या बाजूचं.

आता दुसरं. साच्याच्या गोल कडांमुळे लाटेत कंबर आपटली तरी काळंनिळं होत नाही, पूर्वीच्या बोटीत ओट्याच्या कोपऱ्याने माझी मांडी कायम निळी. आणि सॅडलरसारख्या बोटीत मधला फोम थंडी अडवतो, आवाज अडवतो, आणि पाणी भरलं तरी बोट तरंगते. बेल्जियमच्या एताप बोटीही अशाच, दुहेरी सालीच्या, न बुडणाऱ्या. हॅम्बलकर, तुम्ही फोमचा उल्लेख करून पुढे निघून गेलात. ही बारीक गोष्ट नाही हो. नुसता साचा आणि फोम भरलेला साचा यांना एका मापाने मोजू नका.

हॅम्बलकर

आत्या, पटलं थोडं. न बुडणारी बोट हा कारखान्याच्या सोयीचा शोध नक्कीच नाही, तेवढं विधान मागे घेतो. पण त्याच फोमची दुसरी बाजू बघा. दोन सालींत एकदा पाणी शिरलं की ते कुठून आलं हे शोधणं कठीण. ते एका टोकाला शिरतं आणि दुसऱ्या टोकाला दिसतं. फोम भिजला तर वाळवणार कसा?

उलट वेस्टर्लीचीच सेंटॉर घ्या. २६ फुटी, दोन कीलवाली, १९६९ पासून दोन हजारांहून जास्त बांधल्या. कीलच्या मुळाशी हल लवचीक पडतो ही तिची जाहीर खोड. कितीतरी मालकांनी बर्थखालच्या फळ्या उचलून, आतून फायबरचे आडवे पट्टे घालून ती दुरुस्त केली आणि बोटी अजून चालतायत. आतून साचा असता तर ते काम घरी झालं असतं का?

फायबरवाला

हा मात्र खरा मुद्दा, आणि तो लाकडाचा नाही. हात पोचण्याचा आहे. चांगल्या साच्यात सीकॉक (हलमधल्या भोकांवरचे नळ), कीलचे बोल्ट, चेनप्लेट यांच्यावर उघडता येणारी दारं ठेवतात. वाईट सुतारकामात टाकी आधी बसवतात, तिच्यावर बर्थ बांधतात, आणि टाकी गळली की बर्थ फोडावा लागतो. तेही पाहिलंय.

सुतारपक्षी

बर्थ फोडावा लागला तर निदान स्क्रू काढून फोडता येतो! हात पोचण्याचा मुद्दा लाकडाचा नाही म्हणता, पण ज्याला सहा महिन्यांनी नवा पंप, नवी बॅटरी, नवा स्टोव्ह बसवायचा आहे त्याला विचारा. लाकडात चार इंच इकडे-तिकडे सरकवता येतं. साच्यात १९८१ सालच्या डिझायनरने ठरवलेला खड्डा, त्यातच बसेल ते घ्या.

कडू_काढा

आणि लाकडात आधीच्या तीन मालकांनी चार-चार इंच सरकवून पाडलेली भोकं. तीही बुजवा.

हॅम्बलकर

सर्वेअर ठरला आहे, दोन्ही बोटी एकाच आठवड्यात बघतोय. कॉन्सॉर्टमध्ये चेनप्लेटभोवती बल्कहेडला टोचा मारून बघायला सांगितलंय, छताचं व्हिनाइलही सोडवून बघणार. सॅडलरमध्ये आरसा, टॉर्च आणि छोटी हातोडी. अजूनही माझा कल लाकडाकडेच. बायकोचा फोमकडे.

डेकवरची_आत्या

बायकोचं ऐका. आणि एक करा, दोन्ही बोटींच्या बिल्जमधलं, म्हणजे तळाशी साचलेलं, पाणी बोटाने चाखून बघा. डिझेल तरंगत नसेल तरच हं. खारट लागलं तर सीकॉक किंवा पंख्याच्या शाफ्टच्या सीलकडे बघायचं. गोडं लागलं तर डेक नाही तर टाकी, आणि लाकडी बोटीत गोडं पाणी लागलं तर दर पाडूनच मागा.