इटलीची कोच टूर : दोन कार्यक्रमपत्रिकांपैकी कोणती घ्यावी?

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघे कोच टूरने, म्हणजे मोठ्या बसमधून फिरवणाऱ्या सहलीने, इटलीला जाण्याचा विचार करीत आहोत आणि आमच्यासमोर दोन कार्यक्रमपत्रिका आहेत. पहिलीत ८ रात्रींमध्ये मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम आणि नेपल्स असून जवळजवळ रोज हॉटेल बदलायचे आहे. दुसरीत रात्री तितक्याच आहेत, परंतु ३ सिएनाजवळ, २ पेरुजियात आणि ३ रोममध्ये. ती महाग आहे आणि तिच्यात व्हेनिस नाही. यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन एक वर्ष झाले आहे. चालता येते, मात्र चढ-उतार जपून करावे लागतात. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-५०१ : वहिनी, माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या सहलीच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण नुसते दगदग टाळणे एवढेच नाही. कोच टूरचा सारा दिवस चालकाच्या कायदेशीर तासांभोवती बांधलेला असतो, हे आपल्याकडे पैसे भरताना कोणी सांगत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारणतः ९ तासांपेक्षा अधिक गाडी चालवता येत नाही आणि रात्रीची सलग विश्रांती ११ तासांची असावी लागते. ती आठवड्यातून काही वेळाच ९ तासांपर्यंत कमी करता येते. गाडीतील टॅकोग्राफ हे सगळे नोंदवून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यासारखीच सहल केली. व्हेनिसहून सकाळी निघून, फ्लॉरेन्स पाहून, त्याच रात्री रोम गाठायचे होते. हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे आणि तिथल्या महामार्गावरही कोचला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. फ्लॉरेन्समध्ये चामड्याच्या वस्तूंच्या खरेदीत आमच्या मंडळींनी तासाहून अधिक उशीर केला आणि आम्ही रात्री ११ वाजता रोमच्या हॉटेलात पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ च्या आधी चालकाला गाडी हलवता येईना, वातिकान संग्रहालयाच्या तिकिटांची ठरलेली वेळ टळली आणि सगळे त्या बिचाऱ्यावर तुटून पडले. तो वयाने माझ्या मुलाएवढा होता आणि पुन्हा पुन्हा त्या यंत्राकडे बोट दाखवत होता. दोष अशी कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्याचा आणि उशीर करणाऱ्या आम्हा प्रवाशांचा होता. मी त्याची बाजू घेऊन बोललो नाही, ही खंत मला आजही आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की शहरे किती दाखवणार हे मोजण्याऐवजी एका हॉटेलात सलग किती रात्री आहेत हे मोजावे. सिएनाजवळ तीन रात्री असतील तर फ्लॉरेन्स जेमतेम ७५ किलोमीटरवर आहे, बॅगा खोलीतच राहतात आणि संध्याकाळी गावात निवांत फिरायला वेळ मिळतो. शिवाय सिएना आणि फ्लॉरेन्स ज्यात येतात तो टस्कनी हा प्रांत आहे, एखादे शहर नव्हे; तो दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर भेटतो. सिएनाहून दक्षिणेला उतरणारा कास्सिया हा प्राचीन रोमन मार्ग ऑर्चा खोऱ्यातून जातो, ज्याला २००४ साली युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. नांगरलेल्या टेकड्या, सुरूची रांग, आणि माथ्यावर एखादेच दगडी घर. त्याच खोऱ्यात बान्यो व्हिन्योनी नावाचे खेडे आहे, जिथे गावाच्या मुख्य चौकाच्या जागी गरम पाण्याचा मोठा कुंड आहे. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्या माणसाला तिथे फार आपलेपणा वाटतो. महामार्गाने गेलात तर यांतले काहीही दिसत नाही. कोच कोणत्या रस्त्याने नेणार, हे जरूर विचारा.

बी-१०४ : काका, गुडघ्याच्या दृष्टीने दुसरी सहल खरोखर सोपी आहे का? सिएना आणि पेरुजिया ही दोन्ही गावे डोंगरावर आहेत ना?

सी-५०१ : प्रश्न रास्त आहे, ताई. इटलीतील जुन्या शहरांच्या गाभ्यात वाहनांना मर्यादित प्रवेश असल्यामुळे कोच बाहेरच थांबतो आणि पुढे दगडी फरसबंदीवरून चालावे लागते. हे दोन्ही सहलींत अटळ आहे. मात्र पेरुजियात खालच्या पार्तिजानी चौकातून वर जायला सरकते जिने आहेत आणि ते पोप तिसरा पॉल याने सोळाव्या शतकात बांधलेल्या किल्ल्याच्या पोटातून जातात. किल्ल्याखाली गाडली गेलेली जुनी गल्ली आणि घरांच्या भिंती दोन्ही बाजूंना तशाच उभ्या आहेत. सिएनातही काही बाजूंनी सरकते जिने आहेत. याउलट व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. भाऊंसाठी मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

डी-३०२ : एक गोष्ट जोडते. आमच्या घरात कडक शाकाहार असल्यामुळे मी हे शिकले, की पार्मिजानो चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात आणि त्याला पर्याय चालत नाही. त्यामुळे पास्ता मागवताना चीज नको, असे आधीच सांगावे. टस्कनीतील पाव बिनमिठाचा असतो, तो खराब निघाला असे समजू नये. रोज रात्री भारतीय जेवण देणाऱ्या सहलीत त्या उपाहारगृहापर्यंत जाण्यायेण्यातच संध्याकाळ संपते. निदान दोन-तीन रात्री तरी राहत्या गावातच जेवण्याची मुभा मागून घ्यावी, वहिनी. टोमॅटो आणि शिळ्या पावाची ‘पाप्पा आल पोमोदोरो’ ही दाट पेज आपल्या तोंडाला सहज रुचते. फक्त तीत मांसाचे पाणी घातलेले नाही ना, एवढे विचारावे.

सी-५०१ : आणखी एक राहिले. कार्यक्रमपत्रिकेत ‘फोटो स्टॉप’ लिहिले असेल तर वास्तू बाहेरूनच दाखवतात, प्रवेश धरलेला नसतो. त्याचबरोबर वार तपासा : फ्लॉरेन्सचे उफिझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर वातिकान संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असते. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उशीर नको. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

ए-२०३ : भावजी, आपण सांगितल्याबरोबर दुसरी कार्यक्रमपत्रिका पुन्हा उघडली. फ्लॉरेन्सचा दिवस नेमका सोमवारचाच आहे आणि सिएना मंगळवारी आहे. एवढी महाग सहल असून हे कोणाच्या लक्षात येऊ नये याचे वाईट वाटते. आता काय करावे?

सी-५०१ : वहिनी, दोन्ही दिवशी मुक्काम त्याच हॉटेलात आहे, त्यामुळे सोमवारी सिएना आणि मंगळवारी फ्लॉरेन्स अशी अदलाबदल सहज होऊ शकते. उद्याच कळवा, कारण उफिझीची तिकिटे वेळेनुसार आधी काढावी लागतात. हा बदल मात्र नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी त्यांच्याकडून लेखी घ्या.