ओढ्याच्या पाण्याची तपासणी: रिपोर्टला इतके दिवस का?

शिवारकर: आमच्या ओढ्याला रात्री फेस येतो. वरच्या अंगाला कारखाने आहेत. बाटली भरून सरकारी प्रयोगशाळेत नेली तर चालेल का? आणि बीओडीचा रिपोर्ट लगेच का देत नाहीत?

जुना_केमिस्ट: माझी उभी नोकरी याच बाटल्यांत गेली. बीओडी म्हणजे जिवाणूंनी घाण खाताना किती ऑक्सिजन संपवला, त्याचं माप. बाटली २७ अंशांवर, अंधारात ३ दिवस ठेवावीच लागते. साहेबांचा फोन आला म्हणून जिवाणू भराभर खात नाहीत! सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, मात्र डायक्रोमेट या रसायनाबरोबर २ तास उकळून त्याच दिवशी कळतो. विरघळलेल्या ऑक्सिजनचं काम तर काठावरच सुरू करायचं. बुडबुडा न ठेवता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर त्या पाण्यात मासा जगत नाही.

शिवारकर: म्हणजे माझी कोल्ड्रिंकची बाटली बाद?

जुना_केमिस्ट: माहितीपुरती चालेल, स्वच्छ धुऊन, बर्फात ठेवून आणा. कोर्टात उपयोग नाही. जल कायदा, १९७४, कलम २१ बघा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळानेच घ्यायचा, मालकाला जागेवर नोटीस द्यायची, दोन भाग करून सील आणि सह्या करायच्या. यातलं काही राहिलं की वकील तिथंच पकडतो.

नदीकाठची: दादा, तक्रारीत फेस येण्याची वेळ ठळक लिहा. आमच्याकडे मंडळाची गाडी सकाळी अकराला यायची, तोवर पाणी नितळ.