मदत हवी आहे: जानेवारीत अठरा पूर्ण होणाऱ्या मुलीला आमच्या घरी ठेवून घ्यायचं आहे

नमस्कार. लिहू की नको यात दोन आठवडे गेले. मुलीची ओळख पटेल असं काहीही लिहिणार नाही, काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. प्रतिसादांतही गाव कोणतं, संस्था कोणती असं कृपया विचारू नका. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

मी बँकेत कॅशियर होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून गुरुवारी आणि रविवारी मुलींच्या बालगृहात जाऊन अकरावी-बारावीचं बुक-कीपिंग शिकवते. तिथली एक मुलगी, आपण तिला कावेरी म्हणू, जानेवारीच्या शेवटी अठरा वर्षांची होईल. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत तिची बारावीची लेखी परीक्षा. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर या पोरीने ट्रंक उचलून जायचं कुठे?

चौदाव्या वर्षी मावशीने तिला पार्लरचं काम शिकवते म्हणून शहरात आणलं आणि एका बाईच्या हवाली केलं. सात महिन्यांनी पोलिसांची धाड पडली, ती बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) आली आणि समितीच्या आदेशाने इथे. एवढंच मला माहीत आहे, यापुढचं मी तिला कधी विचारलेलं नाही. खटला चालू आहे, तिची साक्ष अजून झालेली नाही. ती बाई जामिनावर बाहेर आहे. मावशीचं नाव मात्र आरोपींत नाही. चौदा वर्षांच्या मुलीने तेव्हा मावशीला पाठीशी घातलं, कारण घरचं म्हणावं असं तिला तेवढं एकच माणूस होतं.

आता दिवाळीत तीच मावशी साडी आणि फराळाचा डबा घेऊन फाटकाशी आली. "पोर आमची आहे, स्थळ बघून ठेवलंय." अधीक्षिकांनी आत घेतलं नाही. पण मावशी हिशेब करून आहे. अठरा झाली की तो बालविवाह ठरत नाही आणि अडवायला समितीही मध्ये नसते. ज्या तारखेला मुलगी सज्ञान होते, त्याच तारखेची ती वाट बघते आहे.

घरी मी, यजमान आणि सासूबाई. मुलगा पुण्याला असतो. यजमान म्हणाले, "आण तिला, बघू पुढचं." सासूबाईंनी विचारलं, "आपली कोण लागते ती?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दोन रजया उन्हात टाकल्या. तो प्रश्न मिटला.

भाऊबीजेला समितीची परवानगी काढून कावेरीला दिवसभरासाठी घरी आणलं होतं. मागची खोली दाखवली. पूर्वीची कोठीची खोली ती. तिने खिडकी पाहिली नाही, पलंग पाहिला नाही. दार लोटलं, मागून हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, याला आतून कडी नाही?" मला काय बोलावं सुचेना. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून आतून कडी बसवली. आता रात्री वाटतं, आत तिला काही झालं, घाबरली, तर आम्ही दार कसं उघडणार? कडी बसवून चूक तर केली नाही ना?

जाणकारांनी सांगावं. अठरानंतर सरकारकडून तिला काही मिळतं का, की सगळं आमच्यावरच? पैशांची अडचण नाही, पण तिचा जो हक्क आहे तो सुटू नये. एका कार्यालयात विचारलं तर "आधी वय पूर्ण होऊ द्या, मग अर्ज करा" असं उत्तर मिळालं. मावशी घरी आली तर आम्ही काय म्हणायचं? आम्ही मुलगी पळवली अशी तक्रार होऊ शकते का? साक्षीच्या वेळी ती सज्ञान असेल, मग कोर्टात त्या बाईच्या समोर उभं राहावं लागेल का?

आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की आमच्या घरात तिला उपकाराखाली राहिल्यासारखं वाटू नये.

---

प्रतिसाद: कोर्टकचेरी

ताई, "वय पूर्ण होऊ द्या" हे चुकीचं सांगितलंय. थांबू नका. मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी किंवा केस वर्करने पुढचा आराखडा समितीला द्यायचा असतो, असं नियमांत आहे. म्हणजे तो आत्ता तयार असायला हवा. अधीक्षिकांमार्फत समितीला लेखी अर्ज द्या, प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, आणि पोच घ्या. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये आहेत. ते तिच्या स्वतःच्या खात्यात यावेत, तुमच्या नको. मुलींचं अनुरक्षण गृह प्रत्येक जिल्ह्यात नाही, पण तिथे कसं राहायचं असतं ते तिला दाखवा. दोन पर्याय समोर असले की तुमचं घर तिने निवडलेलं असेल.

मावशीबद्दल. अठरानंतर कुठे राहायचं हे कावेरी ठरवेल. मावशीला तिच्यावर कसलाही हक्क नाही, आणि सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने तुमच्याकडे राहिली तर ते पळवणं होत नाही. तरी तिच्या हस्ताक्षरात तसं पत्र आणि तिचा जन्मदाखला जवळ ठेवा, स्थानिक पोलीस ठाण्यालाही आधीच कळवून ठेवा. घाई करून अठराच्या आधी मात्र परस्पर आणू नका. त्याआधी न्यायचंच असेल तर समितीने तुम्हाला 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता द्यायला हवी.

साक्षीचं. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये संवेदनशील साक्षीदाराची, म्हणजे साक्ष देताना खास संरक्षण लागणाऱ्या साक्षीदाराची, व्याख्या वाढवली. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना त्यात वयाची अट राहिलेली नाही. अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं करायलाही सांगितलं. आरोपी समोर नको, ही मागणी सरकारी वकिलांमार्फत आत्ताच करा. धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. तिला स्वतःचा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, फोन १५१००.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: अठराच्या आतलं मूल पळून तुमच्या दारात आलं तर जेवू घाला, धीर द्या, पण गुपचूप ठेवून घेऊ नका. २४ तासांच्या आत १०९८ या चाइल्डलाइनला, पोलिसांना किंवा समितीला कळवणं बंधनकारक आहे.

---

प्रतिसाद: रातराणी

काकू, मी सहा वर्षं बालगृहात होते. अठरा झाले तेव्हा एका बाईंनी मला घरी नेलं. फार चांगल्या होत्या, म्हणूनच खरं सांगते.

पहिले कित्येक महिने मी चपात्या रुमालात बांधून कपाटात ठेवायचे. भूक म्हणून नाही. घंटा झाल्यावरच जेवायची सवय, मध्ये मागायचं कसं ते कळायचं नाही. तुम्हाला असं काही सापडलं तर बोलू नका, एक डबा तिच्या खोलीत ठेवून द्या आणि भरत राहा.

पाहुण्यांना "आमच्याकडे राहते, परीक्षा आहे" एवढंच सांगा. माझ्या बाई प्रेमाने सगळ्यांना माझी कहाणी सांगायच्या. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ऐकायचे.

तिच्याकडून भाडं घ्या. शंभर-दोनशे का होईना, वहीत लिहून. हे विचित्र वाटेल, पण भाडं देणाऱ्याला घरातून कुणी हाकलत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. घराची किल्ली पहिल्याच दिवशी द्या. रात्री दिवा चालू राहिला तर राहू द्या.

कडी बसवलीत ते बरोबर केलंत. अडचणीच्या वेळी बाहेरून स्क्रू काढून उघडता येईल अशी ती ठेवा, किंवा दाराच्या वरच्या झरोक्यातून हात जाईल असं बघा. आणि हे तिच्याशी बोलूनच करा, तिच्या पाठीमागे नको.

कोठीची खोली म्हणालात. म्हणजे बाहेरून कडी असणार. ती काढलीत का?

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार.

रातराणी, तुझा प्रतिसाद वाचून तशीच उठले. बाहेरची कडी जागेवरच होती. पन्नास वर्षं धान्याला लावलेली, माझ्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. तिला मात्र भाऊबीजेला दिसली असणार. यजमानांनी आजच पान्याने काढली, भोकांत लांबी भरली. दाराच्या वर झरोका आहे, तिथून हात जातो. तिला दाखवूनच ठरवेन.

अर्ज लिहून झाला आहे, सोमवारी समितीची बैठक आहे, अधीक्षिकांबरोबर जाते आहे. अनुरक्षण गृह बघायला कावेरी तयार आहे. भाड्याचं गुरुवारी तिच्यापाशी काढलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काकू, पावती द्याल ना?"

सोमवारी काय होतं ते इथेच कळवते.