प्रभागाचा इतिहास क्रमांकावरून लावू नका

'प्रभाग ३ मधून आजवर कोण कोण निवडून आलं, ते ओळीने लिहिलं की झाला इतिहास' हे म्हणणं मला पटलं नाही. यादी हवीच, पण क्रमांकाच्या भरवशावर नको. प्रभागरचना बदलली की तोच क्रमांक वेगळ्याच वस्तीला लागतो. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा, मांडवी ही नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत, हद्दी मात्र सरकत राहिल्या. शिवाय २०१६ ला नगरपरिषदांत द्विसदस्यीय प्रभाग आले. म्हणजे एका क्रमांकाला 'अ' आणि 'ब' असे दोन नगरसेवक, मग यादीत त्या क्रमांकापुढे यातला कोणता लिहिणार?

आमच्या वाडीची यादी करताना मी प्रभागरचनेच्या अधिसूचना काढून बसलो. त्यात प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही सीमा लिहिलेल्या असतात, अमुक वहाळापासून तमुक रस्त्यापर्यंत. त्या जुळवल्यावरच कळलं की 'सलग तीनदा निवडून आलेले' म्हणून सांगितले जाणारे नगरसेवक खरं तर दोन वेगवेगळ्या वस्त्यांतून आले होते. आरक्षणाची सोडतही नावापुढे नोंदवा. २०११ पासून महिलांना ५० टक्के जागा आहेत, त्यामुळे एखादा माणूस यादीतून अचानक गायब झाला तर तो हरलाच असेल असं नाही, जागाच महिलांसाठी राखीव झालेली असू शकते.