पाकीट कोणी घेतले आणि कोणी भरले?

बांधावरून :
परवा येथील एका सदस्याने चार ओळींत निकाल देऊन टाकला की, ‘पाचशे रुपयांना मत विकणाऱ्या जनतेने पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर तोंड उघडू नये, जशी प्रजा तसा राजा.’ त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते वाचून जो संताप आला तो चार ओळींत मावणारा नाही, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

पाकीट घेणारा मतदार धुतल्या तांदळासारखा आहे, असे मी म्हणत नाही. परंतु त्या पाकिटातली नोट निघाली कोठून, हे विचारायचेच नाही आणि ती ज्याच्या हाती पडली त्याचेच मनगट धरायचे, हा न्याय मला मान्य नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. त्याच्या पक्षाने किती खर्च करावा याला मात्र मर्यादाच नाही. २०१७ च्या अर्थ विधेयकातून निवडणूक रोख्यांची, म्हणजे देणगीदाराचे नाव लोकांपासून गुप्त ठेवून स्टेट बँकेमार्फत पक्षांना देणगी देण्याची, वाट मोकळी झाली आणि त्याच वेळी कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून अधिक देणगी देऊ नये, हे बंधनही काढून टाकले गेले, म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देता येऊ लागली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर स्टेट बँकेने कोणी किती रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले ही माहिती जुळवायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचे मतदान उरकून निकाल लागल्यानंतरची. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली आणि जे काम साडेतीन महिन्यांचे सांगितले जात होते त्याच्या याद्या तीन दिवसांत लोकांसमोर आल्या.

पाचशेच्या नोटेवर नीतिपाठ देणाऱ्यांनी त्या तीन दिवसांचाही थोडा विचार करावा.

प्रतिपक्ष :
लेख आवेशपूर्ण आहे, परंतु अर्धाच आहे. रोखे निदान बँकेतून जात होते. त्यापूर्वी वीस हजारांच्या आतल्या देणगीदाराचे नाव कळवण्याचे पक्षांवर बंधन नव्हते, त्यामुळे कोट्यवधी रुपये ‘किरकोळ देणग्या’ म्हणून दाखवले जात होते. योजना रद्द झाली म्हणून पैसा आटला, असे आपल्याला खरोखर वाटते काय? तो पुन्हा पोत्यांतून जाईल, एवढेच.

शिवाय याद्या नीट वाचा. भाजपला सहा हजार कोटींहून अधिक मिळाले, हे सर्वांना पाठ असते. तृणमूलला सुमारे सोळाशे, काँग्रेसला चौदाशे आणि भारत राष्ट्र समितीला बाराशे कोटी मिळाले, हे सांगताना मात्र आवाज बसतो. यांतले दोन पक्ष तर एकेका राज्यापुरते. हमाम में सब नंगे असताना एकाच्याच अंगावरचा टॉवेल मोजू नये.

आणि मतदाराबद्दल म्हणाल, तर आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंनी मला स्वतः सांगितले आहे की, त्या तिन्ही उमेदवारांकडून घेतात आणि चौथ्याला मत देतात. याला काय म्हणायचे?

वर्गशिक्षिका :
याला शहाणपण म्हणायचे, साहेब. मी चार निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून काम केले आहे. पाकिटे कशी फिरतात ते मतदान केंद्राच्या आत दिसत नाही, पण मी ते माझ्या घराच्या खिडकीतून पाहिले आहे. दोन मुले मतदारयादीची झेरॉक्स घेऊन फिरतात, घरटी मते मोजतात, मतदार चिठ्ठी देण्याच्या निमित्ताने आत येतात आणि नावासमोर पेन्सिलीने बारीक टिंब देतात. पेनाने देत नाहीत, कारण ते खोडता येत नाही.

परंतु मला सांगायचे आहे ते आपल्या सुशिक्षित वर्गाविषयी. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर आमच्या गृहनिर्माण सोसायटीची विशेष सभा झाली आणि तीत डॉक्टर, अभियंते, एक निवृत्त उपसचिव अशा मंडळींनी एकमताने ठराव केला की, जो उमेदवार आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देईल त्याची कोपरा सभा आपल्या प्रांगणात घेऊ द्यावी. ठराव इतिवृत्तात मात्र ‘परिसर सुशोभीकरण’ असा नोंदवला गेला. मी विरोध केला तेव्हा एक जण म्हणाले, ‘मॅडम, आपण काही पैसे घेत नाही ना?’ आपल्या घरकामाच्या बाईंनी निदान त्याला सुशोभीकरण म्हटले नसेल.

जुना हिशेबनीस :
ताईंचा मुद्दा रास्त आहे, पण प्रतिपक्ष यांच्या ‘बँकेतून जात होते’ या वाक्याचे मला हसू आले. हिशेबात चौकशी होते ती व्यवहार बँकेतून झाला म्हणून नव्हे, तर देणारा आणि घेणारा एकाच पानावर दिसतात म्हणून. मुख्यमंत्री अंतुले यांचे सिमेंट प्रकरण ज्यांना आठवते त्यांना हे पटेल. त्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या कोणी दिल्या आणि सिमेंट कोणाला मिळाले, या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवता आल्या, म्हणून १९८१ मध्ये वृत्तपत्राला ते बाहेर काढता आले, मुंबई उच्च न्यायालयाला त्यांचा संबंध जोडता आला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद गेले. पुढे खटल्यांचे काय झाले हा वेगळा विषय. रोख्यांत नेमकी हीच सोय काढून घेतली होती: बँकेला सर्व ठाऊक, सरकार बँकेचे मालक, आणि आंधळे फक्त आपण.

राहिला प्रश्न लोकांचा. उमराणे आठवते ना? २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातल्या या गावात सरपंचपदाची जाहीर बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीत ती ४२ लाखांवर थांबली. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची प्रक्रिया रद्द केली. दिल्लीत जे लखोट्यात चालले तेच गावात ध्वनिक्षेपकावर चालले.

कसमादे :
आमच्या भागाचे नाव घेतल्यावाचून शहरी मंडळींचा धागा पुरा होत नाही, हे आता पाठ झाले आहे. उमराण्याचा पैसा कोणाच्या खिशात जाणार होता? तो मंदिराच्या बांधकामासाठी होता. बोली साऱ्या गावासमोर झाली, चित्रफीत निघाली, लपवाछपवी काहीच नव्हती. आपणच वर म्हणालात की, देणारा आणि घेणारा एका पानावर दिसले पाहिजेत. मग येथे तर दोघेही एका मांडवात दिसत होते!

बाकीच्या गावांत तेवढाच पैसा मटणात, दारूत आणि पाकिटांत जातो, भाऊबंदकी पेटते, डोकी फुटतात, आणि पाच वर्षे एक गल्ली दुसऱ्या गल्लीशी बोलत नाही. माझ्या चुलत्याने एका निवडणुकीपायी दोन एकर डाळिंबाची बाग गहाण टाकली, हरला, आणि त्यानंतर तीन वर्षे गावच्या लग्नात जेवला नाही. त्यापेक्षा मंदिर वाईट काय? त्याच काळात काही आमदारांनीच ‘गाव बिनविरोध करा, इतका निधी घ्या’ अशा घोषणा केल्या होत्या. ते लोकशाहीचे संवर्धन आणि आम्ही केले तर लिलाव?

बांधावरून :
मालक, रागावू नका, पण मांडवात दोन कोटी बोलणारा कोण होता, याचे उत्तर द्या. ज्या शेतमजुराकडे दोन हजारही नाहीत त्याला बोली लावता आली असती काय? उमेदवारीचा अर्ज भरायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात त्याचा हक्क आहे. तो हक्कच मंदिराच्या पायात घातला गेला. बोली उघड्यावर झाली म्हणून ती शुद्ध होत नाही. कांद्याचा लिलावही उघड्यावरच होतो, आणि त्यात भाव कोण पाडतो हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

कसमादे :
कांद्यावर येऊ नका. कांद्यावर आलात तर निर्यातबंदी कोणी केली तिथपासून सुरुवात करावी लागेल आणि तुमचा धागा माझ्या कांदाचाळीएवढा लांब होईल. शेतमजुराचा एवढा पुळका आहे तर विधानसभेच्या उमेदवारीसाठी पक्ष इच्छुकांना ‘तुमची तयारी किती?’ असे विचारतात, त्यावर लिहा. तयारी म्हणजे कार्यक्रम नव्हे, हे लहान मुलालाही समजते. तिथे कोणता शेतमजूर पुढे येतो? आमच्याकडे बोली दिसली म्हणून आयोगाला सापडली. जी दिसत नाही ती कोण रद्द करणार?

प्रतिपक्ष :
धागा राजकीय देणग्यांचा होता, तो देवळात जाऊन बसला आहे. तरीही कसमादे यांचा शेवटचा प्रश्न मला अडचणीचा वाटतो, हे नोंदवून ठेवतो.

मोजपट्टी :
इतका वेळ वाचत होतो. मी छोटा ठेकेदार आहे, ग्रामीण रस्त्यांची कामे घेतो, आणि ‘जशी प्रजा’ म्हणणाऱ्यांना एक साधी गोष्ट सांगू इच्छितो. डांबरी रस्त्याचा वरचा थर कागदावर वीस मिलिमीटर असतो. निविदा भरण्याआधीच कोणी भरायची आणि कोणी भरायची नाही हे ठरते. पुढे कार्यारंभ आदेशाच्या वेळी एक टक्केवारी, मोजमाप पुस्तकात नोंद होताना दुसरी आणि देयक निघताना तिसरी. हे सर्व माझ्या घरातून जात नाही, त्या थरातून जाते. शेवटी टेप लावाल तर बारा भरतो. म्हणजे आठ मिलिमीटर रस्ता वर गेला. निवडणूक आली की त्या आठ मिलिमीटरांतलाच काही भाग पाकिटे होऊन त्याच रस्त्याने परत येतो, आणि पहिल्या पावसात खड्ड्यात आपटणारा माणूस ती घेतो. त्याने स्वतःचेच पैसे परत घेतले, तेही अर्धेमुर्धे; याला विक्री म्हणायचे असेल तर म्हणा.

प्रतिपक्ष :
आणि आपण? आपण बारा मिलिमीटरचा रस्ता करून येथे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मागत आहात! नकार देण्याचा पर्याय आपल्याला नव्हता काय?

मोजपट्टी :
होता. एकदा दिला. ते देयक चौदा महिने अडकले, रोलरचे भाडे थकले, पत्नीचे दागिने सहकारी पतसंस्थेत गेले आणि अखेर मीच त्या कार्यालयात जाऊन ‘माझे काही चुकले असेल’ असे म्हणालो. प्रमाणपत्र मी मागितलेले नाही. चोर आहेच मी. पण तीन टेबलांपलीकडच्या माणसाला कोणी चोर म्हणत नाही, त्याच्या नावाचा चौक होतो, एवढीच तक्रार आहे.

जुना हिशेबनीस :
केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीच्या अधिकाराखाली आणले, तेव्हा एकानेही तो आदेश पाळला नाही. संसदेत एकमेकांचे माईक उपटणारी मंडळी त्या एका बाबतीत सख्ख्या भावांसारखी वागली. मोजपट्टी यांच्या थराची जाडी कोणीही टेप लावून मोजू शकतो. पक्षाच्या तिजोरीला टेप लावण्याची सोय अजून झालेली नाही. मूळ वाद मतदाराचा होता, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कसमादे :
हिशेबनीस काका, यावर आमचे एकमत झाले, याचे मलाच आश्चर्य वाटते. उमराण्याचा लिलाव चुकीचा होता, हेही मी मान्य करतो, परंतु बांधावरून यांच्यासमोर नव्हे. त्यांनी कांद्याचा दाखला मागे घेतल्यानंतर.

बांधावरून :
कांदा मागे घेतला. मजूर मागे घेत नाही.

वर्गशिक्षिका :
प्रतिपक्ष साहेब, आपण सर्वांना प्रश्न विचारलेत, म्हणून एक मीही विचारते. आपल्या सोसायटीच्या आवारात काय बसवले आहे?

प्रतिपक्ष :
पेव्हर ब्लॉक आहेत. लाल रंगाचे. इतिवृत्त मी आज संध्याकाळी काढून पाहिले आणि त्यात ‘सुशोभीकरण’ हाच शब्द आहे. सूचकाच्या जागी दुर्दैवाने माझीच सही आहे.