अण्णांच्या लिव्हरमधली गाठ, तीन रिपोर्ट तीन भाषा... एलआर-४ म्हणजे चौथी स्टेज का?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना, वय ६१, हिपॅटायटीस बी हाय, दोन वर्षाखाली सिरॉसिस निघाला, तवापासून गोळ्या चालू. मागच्या महिन्यात पोट जड वाटायलंय म्हणले म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली तर रिपोर्टात फक्त "एसओएल, राइट लोब", म्हणजे लिव्हरच्या उजव्या भागात गाठ, बास. जिल्ह्याला सीटी केला, त्यात हिमँजिओमा किंवा मेटास्टॅसिस, क्लिनिकली कोरिलेट करा. आता एक म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ आन् दुसरं म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, ह्या दोन टोकांमधी आम्ही आठ दिवस काढले, आईच्या घशाखाली घास उतरंना.

संभाजीनगरच्या पोटाच्या डॉक्टरांनी तो सीटी बघून बाजूला ठेवला, म्हणले ह्यात एकच फेज हाय, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर एकदाच फोटो घेतलाय, ट्रायफेजिक करा, त्यात तीन वेगवेगळ्या वेळी घेतात. परत पैसे, परत किडनीची क्रिएटिनिन तपासणी, परत सुई. नवा रिपोर्ट असा: सेगमेंट ६, २.३ सेंमी, नॉन-रिम आर्टेरियल फेज हायपरएन्हान्समेंट, वॉशआउट नाही, कॅप्सूल नाही, लाय-रॅड्स एलआर-४. डॉक्टर म्हणायलेत एमआरआय करू, त्यातबी कळलं नाही तर बायोप्सी. कॅन्सर हाय का नाही हे सरळ का लिहीत नाहीत? आन् ४ म्हणजे चौथी स्टेज का? घरात सगळे तेच समजून बसलेत.

रेडिओलॉजी रेसिडेंट

भाऊ, आधी घरी फोन करून सांगा की ४ म्हणजे स्टेज नाही, अजिबात नाही. ही गाठ लिव्हरचा कॅन्सर, म्हणजे एचसीसी, असण्याची शक्यता किती याचा तो नंबर आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ साली ही लाय-रॅड्स पद्धत आणली आणि २०१८ ची आवृत्ती आम्ही रोज वापरतो. एलआर-१ नक्की साधी गाठ, ३ ला खात्रीने सांगता येत नाही, ४ बहुतेक एचसीसी, ५ एचसीसीच. वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तर एलआर-४ मधल्या चारातल्या साधारण तीन गाठी कॅन्सर निघतात आणि एलआर-५ मधल्या शंभरातल्या चौऱ्याण्णवच्या आसपास.

हे ठरतं कसं ते सांगते. लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं आणि एक चतुर्थांश धमनीतून, पण एचसीसीची गाठ जवळजवळ पूर्ण धमनीवर जगते, म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून सोडल्यावर साधारण ३५ सेकंदांनी गाठ चमकते, तेच रिपोर्टातलं आर्टेरियल फेज हायपरएन्हान्समेंट, आणि मग ७० सेकंदांच्या पुढे, दोन-पाच मिनिटांत, बाजूचं लिव्हर भरून येतं आणि गाठ काळी पडते, ते वॉशआउट. तुमच्या पहिल्या सीटीत ती सुरुवातीची फेजच नव्हती, मग वाचणाऱ्याने तरी काय सांगावं. २ सेंमी किंवा मोठी गाठ, त्यात ती चमक आणि शिवाय वॉशआउट, कॅप्सूल (गाठीभोवती दिसणारी कड) किंवा सहा महिन्यांत ५० टक्के वाढ यातलं एक जरी असलं तरी ५. अण्णांच्या गाठीत चमक आहे, बाकीचं दिसलं नाही, म्हणून ४. डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही, दिसलं तेवढंच लिहिलंय. नियम इतके कडक आहेत कारण ५ आलं तर बायोप्सी न करताच उपचार सुरू करता येतात, कॅन्सरमध्ये असं फार कमी ठिकाणी चालतं. सीटीत न दिसलेलं कॅप्सूल कधीकधी एमआरआयमध्ये दिसतं, त्यामुळे आधी एमआरआय हा सल्ला मला बरोबर वाटतो.

आणि एक, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. हे नंबर फक्त सिरॉसिस, जुना हिपॅटायटीस बी किंवा आधी एचसीसी झालेल्या मोठ्या माणसांसाठी आहेत. धडधाकट लिव्हरमधल्या गाठीला हे लावू नका.

सीटी टेक्निशियन, जालना

दादा, चूक बहुतेक चिठ्ठीपासूनच सुरू होती. आमच्याकडं चिठ्ठी येती "सीटी ॲबडॉमेन विथ कॉन्ट्रास्ट", बास. सिरॉसिस नाही लिहिलेलं, हिप बी नाही लिहिलेलं, मग पेशंट नेहमीच्या एका फेजवर निघतो अन् आम्हालाबी नंतर कळतं. चिठ्ठीवर "ट्रायफेजिक लिव्हर" आन् आजार दोन्ही लिहून घेत जा. एमआरआयला अण्णांना घरीच श्वास धरायची सवय लावा, पंधरा-वीस सेकंद, कारण श्वास हलला की आर्टेरियल फेज वाया जाती आन् ती परत घेता येत नाही. दोन्ही सीटीच्या सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्मवर मोजमाप नीट होत नाही.

लातूरची ताई

भाऊ, ह्यातून गेलोय आम्ही. आमच्या ह्यांना टेस केलं, म्हणजे गाठीच्या धमनीतून औषध सोडून ती बंद करतात ते. महिन्यानं इथं सीटी केला तर रिपोर्टात "रेसिड्युअल लीजन" एवढंच, मला वाटलं गाठ तशीच हाय, सगळं वाया गेलं, दोन रात्री झोप नाही. मुंबईला तीच सीडी दाखवली तर त्यांनी लिहिलं एलआर-टीआर नॉनव्हायेबल, हा उपचार झालेल्या गाठीचा शेरा, म्हणजे गाठीचा आकार दिसतोय पण आत जीव नाही, सीटीचं कॉन्ट्रास्ट आत जात नाही. चित्र तेच! म्हणून मी आता रिपोर्ट हातात घेतला की आधी नंबर बघती, नसला तर तिथंच काउंटरवर विचारती, लाजत नाही. २.३ ची गाठ लहान हाय भाऊ, लवकर सापडली, बायोप्सी लागली तर तीबी करून घ्या. आन् तुम्ही भावंडांनी हिपॅटायटीस बी तपासलं का? नसलं तर ह्याच आठवड्यात तपासा, निगेटिव्ह आलं तर लस घ्या.

पूर्णाकाठ (परभणी)

ताई, डॉक्टर, दादा, लई आभार. स्टेज नाही हे आईला सांगितलं, आज अर्धी भाकर खाल्ली तिनं. आमचं कुणाचंच तपासलेलं नाही, ध्यानातच आलं नव्हतं, सोमवारी तिघं भावंडं जायलोत. एमआरआय बुधवारी हाय, चिठ्ठीवर सिरॉसिस आन् हिप बी दोन्ही लिहून घेतलंय, अण्णा सकाळपासून ओट्यावर बसून श्वास धरायची प्रॅक्टिस करायलेत. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.